गुलटेकडीचे मैदान आणि आमच्या मुलींची शाळा

१८५५ साली पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने एक निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. धर्म, गरिबी, बाळंतपणात अंगावर छप्पर नसलेल्या आमच्या बायका, या सगळ्याबद्दल तिने जे लिहिले त्याचे दाखले आम्ही भाषणांतून नेहमी देतो. पण त्याच निबंधातील एका तपशिलाकडे आमचे लक्ष फारसे जात नाही. बाजीरावाच्या राज्यात कुणी मांग किंवा महार तालीमखान्यासमोरून गेला, तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळ केला जाई, असे तिने नोंदवून ठेवले आहे.

मुलींच्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीने केलेली मैदानाची ही नोंद आहे. मैदान म्हणजे खेळण्याची जागा, असे ज्यांना वाटते त्यांचे पूर्वज तिथे खेळत होते. आमचे पूर्वज तिथे चेंडू होते. म्हणून मुलींच्या शाळेला क्रीडांगण हवे, धावपट्टी हवी, क्रीडाशिक्षिका हवी, असे आज आम्ही म्हणतो तेव्हा ती हौसेची मागणी नसते. ती मागणी या इतिहासातून येते.

तालीमखान्यासमोरून जाण्याचीही ज्यांना बंदी होती, त्यांच्यातूनच लहुजी वस्ताद साळवे उभे राहिले आणि त्यांनी पुण्यात स्वतःची तालीम चालवली. जोतीराव फुले तिथे दांडपट्टा शिकले. पुढे मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा निघाल्या तेव्हा लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आपल्या समाजाची मुले त्यांनी शाळेत आणली. सावित्रीमाईंवर शेण आणि दगड फेकले जात होते त्या काळात ती शाळा टिकली, त्यात तालमीत कमावलेल्या निर्भयतेचाही वाटा होता. शिक्षण आणि शरीरबळ ही दोन वेगळी खाती आहेत, हे आम्हाला फुले-लहुजींनी शिकवलेले नाही. ते नंतर दुसऱ्यांनी शिकवले.

कुणी शिकवले तेही पाहू. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेत मुलींचे हायस्कूल निघाले. रानडे प्रभृतींनी काढलेल्या या शाळेतील अभ्यासक्रमावर टिळकांनी 'मराठा' पत्रातून टीकेची झोड उठवली. मुलींना इंग्रजी, गणित, विज्ञान कशाला, आणि त्यांना दिवसभर शाळेत का ठेवता, घरकामाला वेळ राहील इतकीच शाळा असावी, असा त्या टीकेचा रोख होता. इथे वादाचा विषय वरवर अभ्यासक्रम असला, तरी खरा वाद मुलीच्या वेळेचा होता. तिचा वेळ तिचा की घराचा? खेळाला सर्वांत आधी लागतो तो मोकळा वेळ. ज्या व्यवस्थेला मुलीचे चार तास पुस्तकासाठी द्यायचे नव्हते, ती तिला मैदानासाठी एक तास कुठून देणार?

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर जो निबंध वाचला, त्यात जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहाने आणि त्यासाठी स्त्रीवर लादलेल्या बंधनांनी, हे दाखवून दिले. हे सूत्र मैदानाला लावून बघा. धावणारी मुलगी घराबाहेर पडते, दुसऱ्या गावी सामन्यांना जाते, परजातीच्या मुलींबरोबर एका संघात खेळते, एका खोलीत झोपते, एका ताटात जेवते. आपल्या शरीरावर आपलाच हक्क आहे हे तिला कुणी पुस्तकातून सांगावे लागत नाही. जातीच्या पहारेकऱ्यांना मुलींचे मैदान नको असते ते यासाठी.

आता पुरुषांचे काय झाले तेही पाहू. चांभार कुटुंबातले पळवणकर बाळू पुण्याच्या क्लबात खेळपट्टी झाडायचे, रोलर फिरवायचे. इंग्रज साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे. त्यांना बॅट मिळत नव्हती. हिंदू संघात घेतल्यावरही त्यांचा चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात येई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, पण हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांनी मिळवले. बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, हेही आम्ही लपवत नाही. राजकारणात त्यांची वाट चुकली. मैदानावर त्यांनी जे सोसले ते मात्र आमचेच सोसणे होते.

बाळूंना मैदानाच्या आत जाता आले ते मजूर म्हणून. रोलर ओढता ओढता ते गोलंदाज झाले. आमच्या मुलींना हा मागचा दरवाजाही नव्हता. त्यांच्यासाठी एकच जागा होती आणि ती शाळा होती. ती शाळादेखील कशी उभी राहिली? नागपूर-कामठी भागात डोक्यावर ओझी वाहणाऱ्या जाईबाई चौधरी शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि अस्पृश्य म्हणून नोकरीत अपमान झाल्यावर १९२२ च्या सुमारास त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. अशा माउलीला क्रीडांगण का नाही बांधले, असे विचारणे कृतघ्नपणाचे होईल. छप्पर उभे करण्यातच एका पिढीची हयात गेली. मैदान बांधण्याची जबाबदारी त्यांनी आमच्यावर सोडली आहे.

हे होऊ शकते का? ज्यांना जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेतून आठवले, त्या अमेरिकेतल्या निग्रो समाजाकडे पाहा. अॅलिस कोचमन ही जॉर्जिया राज्यातली काळी मुलगी. गोऱ्यांच्या मैदानावर तिला पाऊल ठेवता येत नव्हते, म्हणून ती मातीच्या रस्त्यावर अनवाणी धावायची. काळ्यांच्या टस्कीगी संस्थेने तिला सोळाव्या वर्षी आपल्या शाळेत आणले. शिष्यवृत्तीच्या बदल्यात तिला क्रीडांगणाची साफसफाई करावी लागे, खेळाडूंचे कपडे शिवावे लागत. इथवर ही गोष्ट आमच्या बाळूंचीच आहे. फरक पुढे आहे. ते मैदान तिच्या समाजाच्या संस्थेचे होते. जे मैदान तिने झाडले, त्याच मैदानावर ती उडी मारायला शिकली. टस्कीगीने मुलींसाठी प्रशिक्षक नेमला, स्पर्धा भरवल्या, आणि १९३७ पासून दशकभर तिथल्या मुली राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकत राहिल्या. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अॅलिसने १.६८ मीटर उंच उडी मारून सुवर्णपदक मिळवले. ते मिळवणारी ती पहिली काळी स्त्री. गावी परतल्यावर सत्काराच्या सभागृहात काळे-गोरे वेगळे बसवले होते आणि महापौराने तिच्याशी हात मिळवला नाही.

पदकाने जात जात नाही, हे आम्हाला नवे नाही. २०२१ साली टोकियोत वंदना कटारिया ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला हॉकीपटू ठरली. तरीही उपांत्य सामना हरताच हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके वाजवून जातिवाचक शिव्या दिल्या गेल्या. मग मैदान मागायचे कशाला, असे कुणी विचारील. चवदार तळ्याचे पाणी पिऊन जात गेली का, असे तेव्हाही विचारले जात होते. पाणी पिऊन आम्ही अमर होणार नाही, हे बाबासाहेबांना ठाऊक होते. प्रश्न हक्काचा होता. म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या जोडीला 'सार्वजनिक राबत्याच्या जागा' आल्या, आणि १५(३) मध्ये स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याची मुभा राज्याला दिली गेली. सरकारी पैशाने राखलेले मैदान ही सार्वजनिक राबत्याची जागाच आहे. मुलींच्या शाळेचे क्रीडांगण म्हणजे या दोन्ही कलमांचा संगम होय.

आज काय परिस्थिती आहे? शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य असावे असे लिहिले आहे. पण त्याच अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा शिक्षक मिळतो तो पटसंख्या शंभरच्या वर असेल तर, आणि तोही अर्धवेळ. वाडीवस्तीवरच्या लहान शाळांत कुणाच्या मुली शिकतात हे आम्ही सांगायला नको. कायद्याने जात विचारली नाही, फक्त पट मोजला, आणि आमच्या मुली बाहेर राहिल्या.

आम्ही कार्यकर्ते एका तालुक्याच्या ठिकाणी मुलींच्या शाळेत गेलो होतो. क्रीडांगण होते, कागदावर आणि प्रत्यक्षातही. त्यावर बांधकामाची वाळू पडली होती. मुली व्हरांड्यात लंगडी खेळत होत्या. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, पडलं की फरशी लागते." एवढेच तिचे म्हणणे होते.

आमच्याच वस्तीतले काही वडीलधारे म्हणतात, आधी शिकू द्या, खेळाने पोट भरत नाही. त्यांचा आदर राखून आम्ही हिशेब मांडतो. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावावे लागते, गोळा फेकावा लागतो. आमच्या मुली त्याचा सराव पहाटे हमरस्त्याच्या कडेने, ट्रक चुकवत करतात. अनुसूचित जातीच्या आरक्षणातही खेळाडूंच्या जागा असतात. ज्या समाजाच्या शाळेला मैदान नाही, त्याच्या मुली त्या जागांवर हक्क कशा सांगणार? मैदान हा आरक्षणाच्या अंमलबजावणीचा प्रश्न आहे.

"जागा कुठे आहे?" हा अधिकाऱ्यांचा आवडता प्रश्न. महिला कबड्डीचे मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असते. खो-खोला २७ बाय १६ मीटर पुरतात. साहेबांच्या वाहनतळाला याहून जास्त जागा लागते!

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलींच्या प्रत्येक शासकीय निवासी शाळेत कुंपण असलेले क्रीडांगण, कपडे बदलण्याची खोली, पाणी आणि स्वच्छतागृह असावे. पूर्णवेळ क्रीडाशिक्षिका असावी. वेळापत्रकातला खेळाचा तास गणिताच्या सराव परीक्षेला देऊ नये. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी रस्ते आणि पुलांकडे वळवण्याऐवजी यासाठी खर्च व्हावा. आणि तरुणांनो, शाळा व्यवस्थापन समितीत आपली माणसे असतात. पुढच्या बैठकीत हा विषय लेखी मांडा, इतिवृत्तात नोंद करून घ्या, माहिती अधिकारात क्रीडा साहित्याचा खर्च मागा. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर जाणाऱ्या पैशांतला काही भाग बाजूला काढला, तरी एका शाळेला बूट आणि कबड्डीची मॅट मिळू शकते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचा मापदंड दिला. आमच्या गावच्या शाळेतली मुलगी न घाबरता, ऐन दिवसाउजेडी, आपल्याच मैदानावर पूर्ण वेगाने धावू शकते का? आम्ही त्या मापदंडाने एवढे एकच मोजतो.

मुक्ता साळवेने मैदानाची पहिली गोष्ट लिहिली, ती शिराच्या चेंडूची होती. तिच्या शाळेतल्या आजच्या वारसांनी लिहावयाची गोष्ट वेगळी असली पाहिजे. त्यासाठी आधी ती वाळू उचलावी लागेल. चला, कामाला लागू या.

जयभीम!