कागद तपासले, भिंती राहिल्या

नवी मुंबईतल्या तळोज्यात घर घेणारा सात-बारा पाहतो, वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेतो. भिंतीतली ओल मात्र पाहुणा पाहतो तशी पाहतो. या सवयीला इतिहास आहे. १९७० साली नवी मुंबई वसवणारी सिडको आली, शेतजमिनींचे भूखंड झाले आणि खरेदीदाराची भीती मालकीच्या वादाभोवती घुटमळत राहिली. ती रास्तच होती. पण १९६३च्या मोफा या सदनिका मालकी कायद्याने बांधकामातील दोषांची जबाबदारी बिल्डरवर टाकली होती, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहिले. बांधकामाकडे दुर्लक्ष किती महागात पडते, ते २०१३ मध्ये दिसले: जवळच्याच शिळफाट्यावर बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ माणसे गेली.

कोणी म्हणेल, सिडकोच्या सोडतीत घर नशिबाने मिळते, मग तपासणार काय? शिवाय रेरा हा स्थावर मालमत्ता कायदा आहेच. पण रेराची पाच वर्षांची हमी ताब्यापासून मोजली जाते आणि दोष दाखवण्याचे काम खरेदीदारालाच करावे लागते. तेव्हा ताबा घेतानाच अभियंत्याकडून गळती, प्लास्टर, वायरिंग तपासून लेखी अहवाल घ्यावा. जुन्या फ्लॅटसाठी सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. टाळाटाळ झाली तर व्यवहार थांबवावा.