कोंड्याचा मांडा : व्हिस्कीतील धूर आणि शेरी

१/ स्कॉटलंडच्या दोन सिंगल माल्ट व्हिस्की शेजारी शेजारी ठेवाव्यात : एक लागावूलिन, दुसरी ग्लेनफार्क्लास. दोन्ही केवळ माल्ट केलेल्या बार्लीच्या, दोन्ही तांब्याच्या भांड्यांत दोनदा ऊर्ध्वपातित केलेल्या. तरीही पहिलीला विझत्या चुलीचा, डांबराचा आणि खाऱ्या वाऱ्याचा गंध. दुसरीत मनुका, खजूर, अक्रोड आणि लवंग. एवढे अंतर कशामुळे पडले? #इतिहास #थ्रेड

२/ जगभरचे रसिक आज ज्या दोन चवींवरून हमरीतुमरीवर येतात, त्यांपैकी एकही चव म्हणून जन्माला आली नाही. एक आली इंधनाच्या टंचाईतून, दुसरी रिकाम्या पिंपांच्या काटकसरीतून. हा कोंड्याचा मांडा कसा झाला, त्याची ही कथा.

३/ स्कॉटलंडमधील या मद्याची सर्वांत जुनी ज्ञात लेखी नोंद १४९४ची. राजा चौथा जेम्स याच्या खजिन्याच्या हिशेबात जॉन कॉर नावाच्या धर्मबंधूला ‘ॲक्वा व्हिटी’ करण्यासाठी आठ बोल माल्ट दिल्याचे नमूद आहे. बोल हे धान्याचे जुने माप. ‘ॲक्वा व्हिटी’ म्हणजे जीवनजल. याच अर्थाच्या ‘उश्क बेहा’ या गेलिक शब्दांतून पुढे ‘व्हिस्की’ हा शब्द घडला.

४/ माल्ट म्हणजे भिजवून मोड आणलेली आणि मग वाळवलेली बार्ली. मोड योग्य वेळी थांबवले नाहीत तर दाण्यातील साखरेचा साठा अंकुरच संपवतो. ते थांबवण्यासाठी उष्णता हवी. ऊन दुर्मीळ, हवा सदैव ओलसर. म्हणजे भट्टी आलीच, आणि भट्टीला जळण.

५/ स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एक बेट आहे : लेखन ‘इस्ले’, उच्चार ‘आयला’. येथे झाडी विरळ आणि दगडी कोळसा बाहेरून आणावा लागे. विपुल होते ते पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेला शेवाळ, गवत व झुडुपांचा अर्धवट कुजलेला थर. तो विटांसारखा कापायचा, वाऱ्यावर सुकवायचा आणि जाळायचा. घरची चूल त्यावर आणि माल्टची भट्टीही त्यावरच.

६/ पीटच्या दाट धुरातील फेनॉल ही संयुगे ओलसर दाण्यावर चिकटतात आणि ऊर्ध्वपातनानंतरही काही अंशी टिकतात. माल्टमधील त्यांचे प्रमाण दशलक्ष भागांत मोजले जाते : लागावूलिन सुमारे ३५, लफ्रॉइग ४० ते ४५, आर्डबेग सुमारे ५५. पेल्यापर्यंत यातले बरेच गळून जाते. उरते तेवढेही नवख्याला दचकवण्यास पुरेसे असते.

७/ धूर एके काळी मुख्य भूमीवरील व्हिस्कीतही सर्रास असे. १८६३मध्ये स्पे नदीच्या खोऱ्यात रेल्वे पोहोचली आणि कोळसा व कोक सुलभ झाले. तेथील व्हिस्कीतला धूर हळूहळू विरला, फळांचा सौम्य गंध पुढे आला. आयलात पीट हाताशीच होते. धूर तेथे मुक्कामाला राहिला. ज्याला आज ‘प्रादेशिक शैली’ म्हणतात, तिच्यामागे जळणाचा हिशेब असा दडलेला आहे.

८/ मात्र धूर म्हणजे सर्वस्व नव्हे. लागावूलिनचे पीटर मॅकी यांच्याकडे शेजारच्या लफ्रॉइगच्या विक्रीचे हक्क होते. १९०७मध्ये ते गेले. चिडलेल्या मॅकींनी १९०८मध्ये आपल्याच आवारात ‘माल्ट मिल’ ही छोटी डिस्टिलरी उभारून लफ्रॉइगची हुबेहूब नक्कल करण्याचा चंग बांधला. बेट तेच, पीट तेच. पण लफ्रॉइग काही उतरली नाही. पाणी, भांड्यांची घडण आणि ऊर्ध्वपातनाची रीत यांचाही चवीत वाटा असतो.

९/ आता दुसरा पेला. शेरी ही दक्षिण स्पेनमधील हेरेथ परिसराची वाइन. १५८७मध्ये फ्रान्सिस ड्रेकने कादिझ बंदरावर छापा घातला, तेव्हा लुटीत शेरीची सुमारे २,९०० पिंपे होती असे सांगतात. इंग्लंडला शेरीची गोडी लागली ती सुटली नाही. पुढील शतकांत ही वाइन ब्रिटनच्या बंदरांत जहाजांनी येत राहिली, ओकच्या पिंपांतून.

१०/ वाइन बाटल्यांत गेली की पिंप रिकामे. ते स्पेनला परत धाडणे परवडत नसे. व्हिस्की करणाऱ्यांना साठवणीसाठी पिंपे हवीच होती. ही स्वस्तात मिळाली. वर्षे सरली तसे ध्यानात आले की ओक आणि त्यात मुरलेली वाइन कोवळ्या, जहाल मद्याला रंग, गोडवा व खोली देतात. मुरवणे सक्तीचे झाले ते फार नंतर : १९१५च्या कायद्याने किमान दोन वर्षे, १९१६पासून तीन.

११/ या चवी दीर्घकाळ मिश्र व्हिस्कीच्या आड राहिल्या. धुराची माल्ट म्हणजे मिश्रणातला मसाला. १९६३पासून ग्लेनफिडिकने सिंगल माल्ट परदेशी बाजारात नेटाने नेली. १९८८मध्ये ‘क्लासिक माल्ट्स’ या सहा व्हिस्कींच्या मालिकेत लागावूलिन झळकली. मग दोन्ही बाजूंना निष्ठावंत लाभले. तुलना करणारे जाणकार शेरीची आधी चाखतात, धुराची नंतर. कारण धूर जिभेवर ठाण मांडून बसतो आणि मागून येणाऱ्या मनुका-खजुराला बोलू देत नाही. दोन थेंब पाणी घातले की गंध अधिक उलगडतो.

१२/ विरोधाभास असा की चवींना कीर्ती लाभली तोवर त्यांना जन्म देणारी गरज संपत आली होती. १९८०च्या दशकात शेरी पिंपांतून पाठवणे थांबले. ती स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली. तेव्हापासून हेरेथमध्ये मुद्दाम नवी पिंपे घडवतात, वर्ष-दोन वर्षे शेरीने भरून ठेवतात आणि रिती करून स्कॉटलंडला पाठवतात. त्यातली शेरी बहुधा पिण्यासाठी विकली जात नाही. पूर्वी पिंप हे वाइनचे उपउत्पादन होते. आता वाइन पिंपाचे झाली.

१३/ धुराचेही तेच. आजच्या भट्ट्या गरम हवेने माल्ट वाळवतात. पीट जळते ते केवळ गंधासाठी. दलदलीत हा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे एक मीटर पीट हे हजार वर्षांचे संचित. त्यात कार्बनही कोंडलेला असतो. नाइलाजाचे जळण जाळणे वेगळे आणि आवडीखातर जाळणे वेगळे, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा नाही.

१४/ हा धूर गोव्यापर्यंतही आला आहे. कुंकळ्ळी येथील पॉल जॉन डिस्टिलरी ‘बोल्ड’ या सिंगल माल्टसाठी आयलाचे पीट वापरते; ओलोरोसो शेरीच्या पिंपांत मुरवलेली व्हिस्कीही तिने काढली आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते. कोकणपट्टीच्या उष्म्यात कितीतरी अधिक, आणि मुरणेही तितकेच वेगाने. आयलात पीट जाळले कारण दुसरे काही नव्हते. गोव्यात ते समुद्र ओलांडून आणले जाते.

१५/ परंपरा पूर्वजांनी विचारपूर्वक निवडली, असा समज सुखावणारा असतो. या दोन पेल्यांचा इतिहास वेगळे सांगतो : पूर्वजांनी हाताशी होते ते वापरले, निवड केली ती वंशजांनी. म्हणूनच जे त्यांच्यासाठी फुकट वा स्वस्त होते, त्याची किंमत आज मोजावी लागते. कधी पैशांत, कधी हजार वर्षांच्या दलदलीत.