खाडीकाठ : राहणारे आणि येणारे-जाणारे

कोकणातल्या जुन्या मुसलमान माणसाला 'तुमचं गाव कुठलं?' असे विचारले की तो आधी खाडीचे नाव सांगतो. बाणकोटची खाडी, दाभोळची खाडी, जयगडची खाडी. गावाचे आणि मोहल्ल्याचे नाव त्यानंतर येते. या उत्तरातच आपल्या इतिहासाची किल्ली आहे, असे मला वाटते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते. कोकण किनाऱ्याचा धडा आला की जंजिरा येतो, सुवर्णदुर्ग येतो, विजयदुर्ग येतो. आरमार येते, लढाया येतात. पण खाडीच्या तोंडापासून आत दहा-वीस मैलांवर, भरतीच्या पाण्याला पाय लावून बसलेली गावे त्या धड्यात नसतात. मुले विचारतात, "टीचर, हमारे गाँव की कोई तारीख नहीं है क्या?" हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे.

खाडीकाठच्या गावात नेहमीच दोन प्रकारची माणसे होती. एक राहणारी आणि दुसरी येणारी-जाणारी. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा इतिहास थोडाफार लिहिला गेला, कारण त्यांनी प्रवासवर्णने लिहिली, मशिदी बांधल्या, पैसा पाठवला. राहणाऱ्यांचा इतिहास मात्र बांधावर, विहिरीवर आणि चुलीपाशी राहून गेला.

हजार वर्षांपूर्वीची तर

अरब प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६च्या सुमारास, या किनाऱ्यावर आला. त्याने 'सैमूर' या बंदराचे वर्णन केले आहे. अभ्यासक सैमूर म्हणजे आपले चौल मानतात. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते, असे तो सांगतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व्यापारी त्यांत होते. त्यांच्याबरोबर तो 'बयासिरा' म्हणवल्या जाणाऱ्यांचाही उल्लेख करतो. बयासिरा म्हणजे याच भूमीत जन्मलेले मुसलमान. थोडक्यात, अकराशे वर्षांपूर्वीच येणारे वेगळे आणि इथलेच होऊन गेलेले वेगळे, असा फरक दिसू लागला होता.

दुसरा पुरावा याहून मोलाचा आहे. डहाणू तालुक्यातल्या चिंचणी येथे राष्ट्रकूट काळातले ताम्रपट सापडले. त्यांतला शके ८४८चा, म्हणजे इ. स. ९२६चा, ताम्रपट संजाण प्रांताच्या एका अधिकाऱ्याविषयी बोलतो. हा अधिकारी 'ताजिक' म्हणजे अरब वंशाचा होता. त्याचे नाव मुहंमद. संस्कृत लेखात त्याचे 'मधुमती' झाले आहे. राष्ट्रकूट राजाने त्याच्याकडे हा प्रांत सोपवला होता. त्याने काय केले? दोन नद्यांवर लोकांसाठी फुकट तर सुरू केली. अन्नछत्र उघडले आणि तेथे भात, कालवण आणि तूप मोफत मिळेल अशी व्यवस्था लावली. भगवतीच्या मठाला दिलेल्या दानाचीही नोंद या लेखात आहे.

या किनाऱ्यावर मुसलमान अधिकाऱ्याच्या अगदी जुन्या नोंदींपैकी ही एक, आणि तिच्यात तलवार नाही. तिच्यात होडी आहे आणि भाताचे ताट आहे. पाण्याकाठी राहणाऱ्याची पहिली गरज पलीकडे जाण्याची असते, हे त्या मुहंमदाला समजले होते. मुलांना मी हा ताम्रपट शिकवते तेव्हा त्यांना 'तर' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

दाभोळ : दर्याचा दरवाजा

वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आहे. बहमनी काळात दख्खनचा दरवाजा म्हणून हे बंदर गाजले. पुढे बहमनींचा वजीर झालेला आणि बीदरचा मदरसा बांधणारा महमूद गावान इराणातून निघाला, तो १४५३ साली दाभोळलाच उतरला. रशियन व्यापारी अफनासी निकितीन हिंदुस्थानातून परत फिरला तोही दाभोळहूनच. अरबी घोडे याच धक्क्यावर उतरत आणि घाट चढून वर जात. हजला जाणाऱ्यांची जहाजेही येथून सुटत.

डिसेंबर १५०८च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदा याने दाभोळवर हल्ला केला. शहर जाळले आणि कत्तल केली. त्यानंतरही दाभोळ उभे राहिले. आदिलशाहीत सतराव्या शतकाच्या मध्याला धक्क्यापासून जवळच ती देखणी घुमटाची मशीद बांधली गेली. लोक तिला 'माँसाहेबांची मशीद' किंवा 'अंडा मशीद' म्हणतात. हजला निघालेल्या विजापूरच्या शहजादीचा प्रवास अडला, तेव्हा सफरीसाठी आणलेला पैसा तिने येथे खर्च केला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिचा अर्थ मात्र खाडीकाठचा आहे. जी जायला आली होती ती काहीतरी ठेवून गेली.

शिवाजी महाराजांनी किनारा हाती घेतला तेव्हा त्यांच्या आरमारात दौलतखान आणि दर्यासारंग होते, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाही हवे. पण दौलतखानाच्या जहाजावर वल्ही मारणारे, शिडे ओढणारे हात कोणत्या गावांचे होते, हे विचारायला आपण विसरतो.

खारबांध

खाडीकाठचे घर म्हणजे मागे डोंगर, पुढे पाणी आणि मध्ये चिंचोळी जमीन. भरती येते तिथपर्यंत माती खारी. त्या खाऱ्या मातीतून भात काढायचा, तर आधी समुद्राला 'इथवरच ये' असे सांगावे लागते. त्यासाठी माती-दगडाचे लांब बांध घातले. बांधात उघाडी ठेवली, म्हणजे पावसाचे पाणी बाहेर जाईल आणि भरतीचे पाणी आत येणार नाही. एक-दोन पावसाळे मीठ धुऊन गेले की खाऱ्या जमिनीला सोसणारे भात लावायचे.

या कामाचे एक वैशिष्ट्य आहे. बांध एकदा घातला की काम संपले, असे होत नाही. खेकडे बिळे करतात, लाटा दगड हलवतात, उधाणाला खांड पडते. रात्री खांड पडली तर रात्रीच माती टाकावी लागते. म्हणून बांध ही राहणाऱ्यांची गोष्ट आहे. मुंबईहून मनीऑर्डर आली तरी खांड बुजवायला गावात माणूस लागतो. ही माणसे केवळ मुसलमान नव्हती. त्यांत कुणबी होते, महार होते, भोई होते. दर्यावर मासे मारणारे आपले दालदी होते. चिखलात उभे राहून सगळ्यांनी मिळून हा काठ घडवला.

येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. आपल्यातली काही घराणी खोत होती. खोतीच्या जुलमाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. १९४९च्या कायद्याने खोती संपली. कूळ कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणाऱ्याकडे जमिनीची मालकी येऊ लागली. जे मुंबईत आणि जहाजावर होते त्यांच्या जमिनी गेल्या, याचे दुःख आजही काही घरांत ऐकू येते. पण न्यायाने बोलायचे तर कायद्याने जमीन तिच्यावर राहणाऱ्याला आणि राबणाऱ्याला दिली. ती देणे रास्तच होते.

आगबोट आणि नली

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किनाऱ्यावर आगबोटी नियमित फिरू लागल्या आणि खाडीचे जगणेच बदलले. पावसाळा सोडला तर मुंबईची बोट बंदराबाहेर उभी राहायची. पडावातून उतारू तिच्यापर्यंत जायचे. दाभोळहून आत, चिपळूणच्या गोवळकोट धक्क्यापर्यंत, लहान बोटी भरतीची वेळ साधून जात. घड्याळ नसलेल्या घरालाही बोटीची वेळ पाठ असायची. या प्रवासाची किंमतही मोठी होती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली.

मुंबईला पोहोचलेला कोकणी मुसलमान पुढे मोठ्या जहाजावर चढला. इंग्रज कंपन्यांच्या जहाजांवर डेकच्या कामासाठी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खलाशांना मागणी होती. डेकवर सारंग सर्वांत वरचा, त्याच्या हाताखाली टिंडल. सुकाणी सुकाणू धरायचा, कसाब सामान सांभाळायचा, भंडारी रांधायचा. सारंग आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसे भरती करी. त्यामुळे लंडनला निघालेल्या जहाजाचा डेक म्हणजे एखाद्या खाडीकाठचा मोहल्लाच असायचा. नोकरीच्या नोंदीच्या कागदाला खलाशी 'नली' म्हणत. नली हीच त्याची अब्रू आणि हीच त्याची रोजी. जहाज मिळेपर्यंत तो मुंबईत गावच्या जमातीच्या खोलीत पथारी टाकून राही.

पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात ही जहाजे पाणबुड्यांनी बुडवली. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये युद्धात मेलेल्या हिंदी दर्यावर्दींच्या नावांची स्मारके आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकग्रंथात सहा हजारांहून अधिक नावे आहेत. ज्यांची कबर फक्त समुद्र आहे, अशी ही माणसे. त्यांतली किती नावे आपल्या मोहल्ल्यांची, हे आपण कधी मोजले आहे काय?

काही जण परत आले नाहीत, ते दुसऱ्या कारणाने. विसाव्या शतकाच्या आरंभी जंजिरा आणि रत्नागिरीकडची माणसे दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला गेली आणि तेथे 'कोकणी' म्हणून ओळखली जाऊ लागली. कराचीतही कोकण्यांची वस्ती झाली. मुंबई-कराची हा तेव्हा रोजच्यासारखा समुद्रप्रवास होता. १९४७ने त्यावर रेघ ओढली आणि १९६५च्या युद्धाने ती पक्की केली. भाऊ या किनाऱ्याला, बहीण त्या किनाऱ्याला, अशी घरे खाडीकाठी कमी नाहीत.

पत्र लिहिणारी

पुरुष दर्यावर असताना घर बाईने धरून ठेवले. भात तिने लावले, गुरे तिने सांभाळली, सावकाराशी आणि तलाठ्याशी तीच बोलली. या बाईची भाषा बाणकोटी वळणाची मराठी. ग्रिअर्सनने भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ साली, कोकणातल्या संगमेश्वरी आणि बाणकोटी बोलींची दखल घेतली आहे. घरात ही बोली, पत्रात उर्दू आणि जमिनीच्या कागदावर मोडी किंवा बाळबोध, असा खाडीकाठचा तिहेरी व्यवहार होता. ज्या मुलीला उर्दू लिहिता येई तिच्याकडे मोहल्ल्यातल्या बायका पत्रे लिहून घ्यायला येत. एक बोलायची बाणकोटीत आणि दुसरी लिहायची उर्दूत. मराठी आणि उर्दू यांचे नाते काय, यावर आपल्या परिसंवादांत बरीच चर्चा होते. ते नाते या ओट्यांवर कितीतरी आधी जुळले होते. दापोलीकडचे शायर बदीउज्जमा खावर दोन्ही भाषांत गझल लिहू शकले, त्याचे मूळ याच मातीत आहे.

पाण्याकडे पाठ

१९७३ नंतर तेलाच्या पैशाने आखात उघडले आणि जहाजाची जागा विमानाने घेतली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत कोकणच्या उतारू बोटी बंद झाल्या. १९९८ साली कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग धावू लागली. रस्ता आणि रेल्वे डोंगराच्या बाजूने आले. गावाचा पुढचा दरवाजा मागचा झाला. कोयनेच्या वीजप्रकल्पाचे पाणी वाशिष्ठीत आले, लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी दाभोळ खाडीत आले आणि मासे मरू लागले. भोई आणि दालदी यांचे जाळे हलके झाले.

आज मे महिन्यात गाव भरते. लग्ने होतात, गाड्या उभ्या राहायला जागा उरत नाही. जूनमध्ये कुलुपे लागतात. माणसे परदेसात जातात म्हणून मी तक्रार करणार नाही. आपले वाडवडील जातच होते. पण पूर्वी दहा गेले तर वीस मागे राहत. आता मागे राहणारेच संपत आले आहेत. बांधाला खांड पडते, ती तशीच राहते. दोन-तीन वर्षांत भाताच्या जागी चिपी उगवते. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले, तेव्हा छपरे उडालेल्या कितीतरी घरांत कौले उचलायलाही कोणी नव्हते.

घरे बंद होतात तेव्हा कागदही मरतात. पेटीतली नली, युद्धातल्या मरहूम आजोबांचे कंपनीचे पत्र, कराचीहून आलेली पोस्टकार्डे, मोडीतला कबाला, जमातीचे जुने दफ्तर. वाळवी आणि ओल यांना उर्दू-मराठीचा भेद नाही. मे महिन्यात येणाऱ्यांना माझी विनंती आहे. घराला रंग द्या, पण त्याआधी माळ्यावरची पेटी उघडा. कागदांचे फोटो काढा. कोणाचा कागद, कोणते साल, हे लिहून ठेवा. गावात म्हातारी असेल तर तिला विचारा की बांध कोणी घातला आणि खांड पडली तेव्हा कोण कोण धावले. दोन उर्दू शिक्षक आणि एक मोडी वाचणारा मिळून एका गावाचे दफ्तर वाचू शकतात. सुट्टीत हे काम करायला आम्ही शिक्षक तयार आहोत.

२००३ साली दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये फेरीबोट सुरू झाली. आता तिच्यावरून मोटारीही खाडी ओलांडतात. चिंचणीच्या ताम्रपटातल्या मुहंमदाच्या दोन तरींची आठवण हजार वर्षे टिकली, कारण कोणीतरी ती तांब्यावर कोरून ठेवली. आपल्याजवळ तांबे नाही. वही आहे. पुढच्या मे महिन्यात ती बरोबर आणावी.