डाव वाढवावे कीं पण वाढवावा?

पैशांच्या पत्त्यांत, विशेषतः संगणकावर चालणाऱ्या पोकरांत, हात बसलेल्या खेळाडूपुढें एक प्रश्न उभा राहतो: एकाच वेळीं अनेक पटांवर बसावें, कीं एकाच पटावर मोठा पण लावावा? सन 2025 च्या केंद्रीय कायद्यानें असल्या खेळास आपल्या देशांत मनाई केली. परंतु त्यामागचें गणित फार जुनें आहे. चार स्वतंत्र पट त्याच पणानें खेळले तर अपेक्षित लाभ चौपट होतो, चढउतार मात्र दुप्पटच. एका पटावर पण चौपट केला तर लाभाबरोबर चढउतारही चौपट होतात. शिवाय मोठ्या पणाच्या पटावर समोर बसणारेही पट्टीचे असतात. तेव्हां शहाण्यानें डाव वाढवावे, असें कोणीही म्हणेल. मात्र पट खरोखर स्वतंत्र हवेत, आणि प्रत्येकावर सारखें लक्ष हवें.

हें गणित वाचतांना मला शाहू महाराजांचा साताऱ्याचा दरबार आठवतो. 1720 सालीं बाजीरावास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, आणि श्रीपतराव प्रतिनिधींशीं त्याचा वाद पडला. कोंकण, कर्नाटक यांचा बंदोबस्त आधीं करावा, हें प्रतिनिधींचें म्हणणें. उत्तरेकडे चालून जावें, हें बाजीरावाचें. बखरकारांनीं दिलेलीं भाषणें शब्दशः खरीं मानण्याचें कारण नाहीं. मतभेद मात्र खरा होता. शालेय पुस्तकें प्रतिनिधींस भित्रे ठरवून मोकळीं होतात. हा अन्याय आहे. त्यांचा हिशेब वर सांगितलेल्या शहाण्याचाच होता.

चूक निराळ्या ठिकाणीं होती. दक्षिणेंतले पट दिसावयास अनेक, परंतु स्वतंत्र नव्हते. निजामानें कोल्हापूरच्या संभाजीस हातीं धरून साताऱ्याच्या गादीचाच वाद उकरून काढला, तेव्हां निरनिराळ्या पटांवर एकच प्रतिस्पर्धी बसला असल्याचें उघड झालें. 1728 सालीं पालखेडास निजाम कोंडला गेला, आणि 1731 च्या तहानें वारणा नदी दोन्ही राज्यांमधील सीमा ठरली. लक्ष विभागल्याचें फळ 1733 च्या जंजिऱ्याच्या मोहिमेंत दिसलें. पेशवे आणि प्रतिनिधि दोघेही गेले. रायगड हातीं आला, जंजिरा राहिला.

मग बाजीरावाचा मार्ग बिनधोक होता काय? मुळींच नाहीं. मोठा पण लावणाऱ्याजवळ गांठीला पैसा लागतो, आणि त्याच्याजवळ तोच नव्हता. साताऱ्याजवळच्या धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी त्याचे गुरु, तसेच सावकारही. स्वामींस लिहिलेल्या त्याच्या पत्रांत कर्जाचा जाच पानोपानीं दिसतो. एक मोठा डाव उलटता तर सारें बुडालें असतें. तो निभावला, कारण पण मोठा लावूनही तो अंधारांत खेळला नाहीं. पालखेडास त्यानें समोरासमोरची लढाई टाळून निजामाचें अन्नपाणी तोडलें. भोपाळास पुन्हां तेंच केलें, आणि जानेवारी 1738 मध्यें निजामानें माळवा व 50 लक्ष रुपये मिळवून देण्याचें कबूल केलें.

एप्रिल 1740 मध्यें नर्मदाकांठीं रावेरखेडी येथें बाजीराव वारला. राज्य नर्मदेपलीकडे गेलें होतें. कर्ज मात्र फिटलें नव्हतें, तें नानासाहेबाच्या वांट्यास आलें.