हायलँडर लोकशाळा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेनेसी राज्यात माँटइगल या डोंगरमाथ्यावरील गावाजवळ १९३२ साली स्थापन झालेली निवासी प्रौढशिक्षणसंस्था. संस्थापक माइल्स हॉर्टन (१९०५–९०) व डॉन वेस्ट. परीक्षा व पदवी यांच्या जाचातून मुक्त असलेली डेन्मार्कमधील लोकविद्यालये हॉर्टन यांनी प्रत्यक्ष पाहिली होती, आणि त्याच धर्तीचे शिक्षण आपल्या भागातील खाणकामगारांस व गिरणीकामगारांस उपकारक ठरेल, अशी त्यांची धारणा होती.

आरंभीच्या काळात संस्थेचा भर कामगार-संघटनांवर होता. तथापि मजूर वर्णभेदाने दुभंगलेला असेतो कोणतीही संघटना तग धरणार नाही, हे अनुभवाने पटल्यावर संमिश्र शिबिरे हेच तिचे प्रमुख कार्य बनले. वास्तविक गोऱ्या व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एका शाळेत शिकविण्यास टेनेसीच्या १९०१ च्या कायद्याने मनाई होती. या शिबिरांत बंधुत्वावर प्रवचने क्वचितच होत. वर्तुळात मांडलेल्या झुलत्या खुर्च्यांवर बसून प्रत्येकाने आपल्या गावची अडचण मांडावी, इतरांनी आपला अनुभव सांगावा आणि परतताना काय करावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावे, अशी पद्धत होती. निवास, भोजन व गायन एकत्रच असे. १९५५ च्या उन्हाळ्यात तेथे आलेल्या रोझा पार्क्स यांना पुढे आवर्जून स्मरत राहिली ती सकाळच्या कॉफीचा व न्याहारीचा वास घेत जागे होण्याची गोष्ट. कारण ती न्याहारी त्यांना स्वतःला रांधावी लागली नव्हती, गोऱ्या माणसांनी रांधली होती. त्याच वर्षी १ डिसेंबरला माँटगमेरी येथे गोऱ्या उतारूसाठी बसमधील जागा सोडण्यास त्यांनी नकार दिला.

संस्थेचे सर्वांत फलदायी कार्य म्हणजे नागरिकत्व-शाळा. मतदारनोंदणीसाठी साक्षरतेची अट घालून कृष्णवर्णीयांस मताधिकारापासून दूर ठेवले जाई. साउथ कॅरोलायनातील जॉन्स बेटावर ईसॉ जेंकिन्स आपल्या बसमधील उतारूंना त्या परीक्षेची तयारी करून देत. त्यांच्या व संस्थेच्या कार्यकर्त्या सेप्टिमा क्लार्क यांच्या पुढाकाराने जानेवारी १९५७ मध्ये तेथे एका दुकानामागील खोलीत पहिला वर्ग भरला. शिक्षिका बर्नीस रॉबिन्सन व्यवसायाने केशप्रसाधिका होत्या. त्यांनी पाठ्यक्रम पुढे न करता, काय शिकावयाचे आहे, असे प्रौढांनाच विचारले. स्वतःचे नाव लिहिणे, बायबल वाचणे, मनिऑर्डरचा नमुना भरणे, अशी उत्तरे आली, आणि तोच अभ्यासक्रम झाला.

१९५९ मध्ये संस्थेवर छापा पडून मुख्य इमारतीस टाळे लागले. विनापरवाना बिअरविक्री, संमिश्र शिक्षण व खाजगी लाभ असे आरोप ठेवून सरकारने फिर्याद गुदरली. १९६१ मध्ये सनद रद्द होऊन मिळकतीचा लिलाव झाला. परंतु नागरिकत्व-शाळांचा कारभार त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे सोपविण्यात आल्यामुळे जप्तीच्या हाती केवळ जमीन व इमारती लागल्या. वर्ग दक्षिणेत गावोगावी भरतच राहिले. संस्थेनेही नव्या नावाची नवी सनद घेऊन नॉक्सव्हिल येथे व त्यानंतर न्यू मार्केट येथे कार्य चालू ठेवले.