लहान कुटुंबासाठी नवी गॅस शेगडी : टी. नगरच्या बाजारात काय पारखावे

चेन्नई : माम्बलम रेल्वे स्थानकालगतची रंगनाथन स्ट्रीट आणि तिला जोडणारा उस्मान रोड हा चेन्नईतील भांडी व गृहोपयोगी वस्तूंच्या खरेदीचा गजबजलेला परिसर आहे. जस्टिस पक्षाचे नेते सर पी. त्यागराय चेट्टी यांचे नाव लाभलेल्या या टी. नगरात गॅस शेगड्यांचे अगणित प्रकार मांडलेले असतात. दोन-तीन माणसांच्या कुटुंबाला मात्र त्यांतील फारच थोडे उपयोगाचे असतात.

जुनी शेगडी खरोखर बदलायची आहे का, हे आधी ठरवावे. ज्योत पिवळी पडणे, भांड्यांवर काजळी धरणे, नॉब कडक होणे या तक्रारी बहुधा सफाई व किरकोळ दुरुस्तीने दूर होतात. परंतु बर्नरकडे गॅस व हवा नेणारी नळी गंजून छिद्रे पडली असतील किंवा दुरुस्तीनंतरही नॉबपाशी गॅसचा वास येत असेल, तर शेगडी बदलणेच योग्य. चेन्नईची खारट, दमट हवा आणि उतू गेलेले दूध वा भाताची पेज यांमुळे गंज बहुधा खालच्या, न दिसणाऱ्या बाजूने सुरू होतो. म्हणून दुकानातही शेगडी उलटी करून पाहावी.

स्टेनलेस स्टीलची पारख लोहचुंबकाने करण्याची पद्धत रूढ आहे. ती अपुरी आहे. ३०४ प्रतीच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते आणि त्याला चुंबक सहसा चिकटत नाही. पण निकेल कमी व मँगनीज अधिक असलेल्या स्वस्त २०२ प्रतीलाही तो चिकटत नाही. दमट हवेत ही दुसरी प्रत लवकर डागाळते. त्यामुळे प्रतीचा लेखी उल्लेख मागावा आणि पत्र्याची जाडी हाताने दाबून पाहावी.

काचेची शेगडी देखणी असते व पुसायला सोपी. मात्र टफन्ड काचही जड भांडे आदळल्यास किंवा कडेला टवका उडाल्यास एकाएकी फुटून तिचे तुकडे होऊ शकतात. अनेक हमीपत्रांत काचेची फूट वगळलेली असते. ती ओळ पैसे देण्यापूर्वी वाचावी. डोशाचा जाड लोखंडी तवा रोज चढवणाऱ्या घरात पोलादी शेगडीच अधिक भरवशाची.

लहान घराला दोन बर्नर पुरेसे आहेत. एक मोठा आणि एक लहान असावा; कॉफीसाठी दूध तापवताना मोठ्या बर्नरची ज्योत पातेल्याबाहेर जाऊन वाया जाते. कुकर आणि तवा शेजारी मावतील एवढे अंतर दोन्ही बर्नरांत हवे. बर्नर पितळी व वजनदार असावेत आणि ते सुटे मिळतात का, हे विचारावे. टिकाऊपणाचा निम्मा प्रश्न सुट्या भागांचाच असतो.

भारतीय मानक आयएस ४२४६ नुसार घरगुती एलपीजी शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. ती ६० टक्क्यांवर घसरल्यास त्याच स्वयंपाकाला सुमारे १३ टक्के अधिक गॅस जळतो. आयएसआय चिन्हाशिवाय शेगडी घेऊ नये. नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूसाठी जेटचे छिद्र मोठे असते; त्यामुळे एलपीजीची शेगडी तशीच जोडणे धोक्याचे ठरते. उघड्यावर वापरायचे गॅस ग्रिल सदनिकेच्या बंद गॅलरीत पेटवणेही तसेच.

नव्या शेगडीला जुनीच रबरी नळी लावण्याची काटकसर सर्रास दिसते. पोलादी तारेचे अस्तर असलेली ‘सुरक्षा’ नळीसुद्धा ५ वर्षांनी बदलायची असते. ती अखंड असावी, मधे जोड नसावा. सिलिंडर उभा ठेवून शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर बसवावी. जोडणीनंतर सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी पेटवून पाहू नये. गळती आढळल्यास रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात, विजेचे बटण न दाबता घराबाहेर यावे आणि १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.