मानमोडी

ताप आणि खोकला हे शब्द आज आपण किती सहज उच्चारतो! अंग कढत लागले की काखेत थर्मामीटर, वर पॅरासिटामॉलची गोळी, रात्री आल्याचा काढा, आणि चार-पाच दिवसांत स्वारी पुन्हा कामावर! परंतु एके काळी याच दोन शब्दांनी महाराष्ट्रात घरेच्या घरे रिकामी केली. लोक त्या साथीला ‘मानमोडी’ म्हणत.

पहिले महायुद्ध चालू होते. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या पोलीस इस्पितळात सात शिपाई तापाने दाखल झाले. त्यांतला एकजण गोदीवर पहाऱ्याला होता. ताप हिवतापाचा नव्हे, एवढेच डॉक्टरांना उमगले. पहिली लाट तशी सौम्य गेली. सप्टेंबरात मात्र दुसरी आली ती काळ होऊन. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ माणसे दगावली. त्यातच पावसाने दगा दिलेला, धान्य महागलेले. साऱ्या हिंदुस्थानात सव्वा कोटी ते दोन कोटी माणसे गेली, असा अंदाज आहे.

डॉक्टर तरी काय करणार? या रोगाचा विषाणू माणसात सापडला तो १९३३ साली. पेनिसिलिन फ्लेमिंगच्या दृष्टीस पडले १९२८ मध्ये आणि औषध म्हणून हाती आले ते दुसऱ्या महायुद्धात. बहुतेकांचा घास घेतला तो तापामागून येणाऱ्या न्यूमोनियाने, आणि त्यावर तेव्हा उतारा नव्हता. उरली ती घरची शुश्रूषा : कपाळावर ओल्या घड्या, घोटघोट पाणी, पातळ पेज, आणि रात्रभर जागणारे एक माणूस. ही कामे क्षुल्लक समजू नका. खंगत चाललेल्या रोग्याला तीच तगवीत.

जुने आकडे चाळताना एका गोष्टीने मात्र माझे मन अस्वस्थ झाले. इतर अनेक देशांत तरणेताठे पुरुष अधिक बळी पडले. आपल्याकडे बायका अधिक गेल्या. मला वाटते, कारण शोधायला दूर जायला नको. कोंदट खोलीत रोग्याच्या उशाशी कोण बसत होते? स्वतःच्या अंगात ताप असताना चूल कोण पेटवीत होते? आणि सर्वांच्या मागून उरलेसुरले कोण खात होते?

त्या साली दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभी आली, तेव्हा कितीतरी घरे सुतकात होती.

आज औषधे आहेत, दवाखाने आहेत. रोग्याला धाप लागली, ओठ निळे पडले, तो बरळू लागला, तर क्षणभरही न थांबता डॉक्टर गाठावा. पण एरवी घरात ताप आला, तर उशाशी एकटीनेच का बसावे? पाळ्या लावाव्या, खिडकी उघडी ठेवावी, आणि जागणारीच्या ताटात पहिली पोळी वाढावी. मानमोडीचा हा धडा शंभर वर्षांनंतरही जुना झालेला नाही.